अणदूरवाल्याची सलामी

“अणदूरवाला सलामी दिल्याबिगर हात उचलत न्हाय, बघितलंय का तुमी?”

असं कुणीतरी म्हणालं आणि दाराजवळच्या स्टुलावर बसल्या बसल्या माझे कान तापले. धाराशिवच्या बाजारातलं हे दुकान. खाली मोबाइलच्या फुटक्या काचा बदलून मिळतात आणि अरुंद जिना चढून वर गेलं की एका खोलीत चार टीव्ही, आठ खुर्च्या आणि बरीच पोरं. माझा चुलत भाऊ एक वापरलेला कंट्रोलर बघायला आला होता. मी त्याच्याबरोबर होते, कारण दोघांचीही कामं एकाच एसटीच्या खेपेत उरकायची असा घरचा नियम आहे. माझं झेरॉक्सचं काम झालं होतं. त्याचं अजून चाललं होतं.

“जुन्या वळणाचा माणूस हाय त्यो,” खोलीतला दुसरा म्हणाला. “रिटायर मास्तर असंल.”

“मास्तर इतका वेळ गप बसंल व्हय? मिलिटरीतला हाय. नुसता ढाल धरून उभा ऱ्हातो. आपुन मारायला गेलो की खेळ खलास.”

तिसरा उंच, चष्मेवाला, कोपऱ्यातल्या टीव्हीपुढं पाय पसरून बसलेला. हातात कायद्याचं जाड पुस्तक होतं आणि पुस्तकावर वेफर्सचं पाकीट. तो शांतपणे म्हणाला, “लग्न झालेला हाय. एवढं ऐकून घ्यायची सवय बिनलग्नाच्याला नसती.”

सगळे हसले. मी भिंतीवरच्या दरपत्रकाकडं बघत राहिले. मी रिटायर झालेली नाही, मिलिटरीत नाही आणि माझं लग्नही झालेलं नाही. पण तो गप्प उभा राहणारा अणदूरवाला मीच होते.

हे सांगायला तोंड उघडावं की नाही याचा विचार मी करत होते. माझे असे विचार साधारण दोन-तीन दिवस चालतात. तेवढ्यात भावानं हातातला कंट्रोलर खाली ठेवला, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाला,

“त्यो म्या हाय.”

तो पूर्ण खोटं बोलला असं म्हणता येत नाही. त्यासाठी आधी आमचा करार सांगायला हवा.

आमच्या गावचा, अणदूरचा, खंडोबा वर्षातले काही महिने आमच्याकडं असतो आणि काही महिने नळदुर्गला. देव न्यायचा-आणायचा असतो तेव्हा दोन्ही गावांत लेखी करार होतो. त्यामुळं एक वस्तू दोघांनी वापरायची तर कागद करायचा, हे आमच्याकडं लहान मुलालाही वेगळं शिकवावं लागत नाही. भावानं आणि मी मिळून गेमचा डबा घेतला. पहिल्याच आठवड्यात वायर ओढण्यावरून भांडणं झाली, तेव्हा काकांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, वहीचं पान फाडून आमच्यापुढं टाकलं.

“देवाचा करार हुतो, तर तुमच्या डब्याचा करायला काय झालं? लिवा.”

आम्ही लिहिला. वार वाटले, वेळा वाटल्या. चार्जिंग कुणी लावायचं ते लिहिलं. शेंगा खाल्लेल्या हातानं कंट्रोलर धरायचा नाही, हे कलम खास काकांसाठी घातलं आणि त्यांनीही खाली सही केली. कागद टीव्हीच्या पाठीमागं चिकटवला. आणि खेळातलं खातं एकच उघडलं. दोन खाती उघडता येतात हे दोघांनाही माहीत होतं, पण देव काही दोन नसतात. खात्याला भावानं गावाचंच नाव दिलं. सगळ्या कलमांत एवढं एकच राहून गेलं, की जिंकलं तर नाव कुणाचं.

खेळ तसा जुना. आम्ही शाळेत असताना आलेला आणि आता रंगरंगोटी करून पुन्हा विकायला काढलेला. भाऊ कुरकुरायचा, “नवीन म्हणून दिला, खोड्या सगळ्या जुन्याच.” काका म्हणायचे, देवळाला ऑइल पेंट मारला म्हणून देव बदलतो का? एक चिलखतवाला पडक्या किल्ल्यांतून फिरतो आणि राक्षस मारतो. हे काम भावाचं. त्यानं महिनोन्‌महिने राक्षस मारून चिलखतवाल्याला ताकद दिली, तलवारीला धार लावून घेतली, ढाल मिळवली. मला राक्षसांत रस नव्हता. ते रोज त्याच जागी उभे असतात आणि तोच वार करतात.

मला आवडायची ती माणसं. या खेळात कुठल्या तरी दुसऱ्या घरात बसलेला खराखुरा माणूस तुमच्या किल्ल्यात येऊन समोर उभा राहतो. त्याचा चेहरा दिसत नाही, आवाज येत नाही. दिसतं ते एवढंच, की तो कसा चालतो, कशाला घाबरतो आणि घाबरला की डावीकडं लोळतो की उजवीकडं. मी सोलापूरला वसतिगृहात राहून इंग्रजी शाळेत शिकले. गावी परत आले तेव्हा घरच्यांनी माझं नाव ‘मॅडम’ ठेवलं होतं. मी चहा मागितला तरी कुणीतरी हसायचं. त्यामुळं जिथं बोलायचंच नाही आणि तरी माणूस पुरता ओळखू येतो, अशी ही जागा मला फार सोयीची वाटली.

लढाईचं गणित साधं आहे. पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवी पट्टी असते, तो तुमचा दम. वार केला की पट्टी घटते, लोळलं की घटते, घाव ढालीवर घेतला तरी घटते. पट्टी संपली की शूरवीर एसटी चुकल्यासारखा नुसता उभा राहतो. म्हणून घाई करणारा हरतो. आणि एक चाल आहे, तिच्यासाठीच मी खेळायचे. समोरच्याचा घाव येत असताना नेमक्या क्षणी ढाल झटकायची. जमलं तर त्याचा हात वर उडतो, छाती उघडी पडते आणि एका वारात तो आडवा. चुकलं तर आपलीच छाती उघडी.

आमच्या घरी हा नेमका क्षण जरा लांबचा असतो. नेट चालतं ते फोनवर, आणि फोन खिडकीत मिठाच्या बरणीवर उभा केला तरच चालतं. समोरच्याची तलवार पडद्यावर खाली येताना दिसते तेव्हा ती खरं तर मघाशीच येऊन गेलेली असते. पहिले दोन महिने मी नुसती मार खात होते. शेजारच्या खुर्चीवर काका शेंगा फोडत बसायचे. तरुणपणी जत्रेत नारळाच्या कुस्तीपासून सुरुवात करून त्यांनी बरीच मैदानं मारली आहेत. कुस्तीत मोडलेले त्यांचे दोन्ही कान त्याची साक्ष देतात.

“हात काय बघती?” ते एकदा म्हणाले. “खांदा बघ त्याचा. खांदा हलला की तू हल.”

मी तलवार बघणं सोडलं आणि खांदा बघायला लागले. घाव दिसायच्या आधीच ढाल झटकायची. त्यानंतर हरणं कमी झालं.

सलामीची सवय मात्र चुकून लागली. पहिल्याच लढाईत घाबरून मी भलतंच बटण दाबलं आणि माझा चिलखतवाला कमरेत वाकला. समोरचा धावत येत होता. तो थबकला आणि तोही वाकला. काकांच्या हातातली शेंग हातातच राहिली.

“ह्ये बरं हाय की! आधी सलामी, मग कुस्ती.”

तेव्हापासून मी आधी वाकायचे आणि समोरचा वाकेपर्यंत ढालीआड उभी राहायचे. काही जण वाकायच्या आत मला मारून टाकायचे. तरी पुढच्या वेळी मी वाकायचेच. शिकवलेलं सगळं पाळायचं, ही वसतिगृहाची सवय.

तर असा तो चिलखतवाला. तलवार भावाची, हात माझा. आणि भाऊ धाराशिवच्या त्या खोलीत उभा राहून “त्यो म्या हाय” म्हणाला होता.

चष्मेवाल्यानं पुस्तक बाजूला ठेवलं. त्याला मी सात-आठ वेळा हरवलेलं होतं, हे मला त्याच्या टीव्हीवरचं नाव बघून आताच कळलं. घाबरला की डावीकडं लोळणारा हाच.

“तुमी?” तो भावाकडं खालपासून वरपर्यंत बघत म्हणाला. “मग या रविवारी. समोरासमोर, इथंच. तीनात दोन.”

“येतो की,” भाऊ म्हणाला. त्याचा आवाज तेवढा खात्रीचा नव्हता.

परतीच्या गाडीत मी तुळजापूर येईपर्यंत बोलले नाही. तशीही मी बोलत नाही, पण भावाला माझ्या न बोलण्यातले प्रकार कळतात.

“ताय, खोटं काय बोललो म्या?” तो म्हणाला. “खातं माझं बी हाय. तलवार कुणी आणली?”

“तू आणलीस.”

“मग? आन् तुला सांगायचं हुतं तर सांगायचं की. तुझं तोंड काय म्या धरलं हुतं?”

मला काय हवं होतं ते मी खिडकीबाहेर बघत स्वतःशी नीट मांडून पाहिलं. त्या खोलीतल्या एका तरी माणसाला कळावं, की तो गप्प उभा राहणारा कोण आहे. आणि ते मला सांगावं लागू नये. दोन्ही एकदम होण्यासारखं नव्हतं, हे तुळजापूरच्या स्टँडवर गाडी बदलताना माझ्याही लक्षात आलं.

त्या आठवड्यात करार बाजूला ठेवून सगळे दिवस भावाच्या तालमीला दिले. त्याला थांबता येत नाही. पट्टी भरलेली दिसली की तो ती रिकामी करायला धावतो.

“हात लई शिवशिवतोय रं तुझा,” काका म्हणाले. “तू काय कडबा तोडायलायस का?”

शेवटी भावानंच युक्ती काढली. मी मागं बसायचं आणि ढाल झटकायची वेळ आली की त्याच्या पाठीत बोट टोचायचं. त्यात दोन अडचणी निघाल्या. एक म्हणजे त्याला गुदगुल्या होतात. दुसरी म्हणजे माझं बोट, तिथून त्याची पाठ, तिथून डोकं आणि तिथून अंगठा, या प्रवासाला मिठाच्या बरणीवरच्या नेटइतकाच आणखी उशीर लागतो. गुरुवारपर्यंत तो निम्म्या वेळा मरायचा आणि निम्म्या वेळा हसायचा. शनिवारी त्यानं करारावर पेनानं एक ओळ वाढवली: रविवारी जिंकल्यास ताईला आईस्क्रीम. हरल्यास काय, ते लिहिलं नाही.

निघताना काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. “हरलास तर हर, पण पाठ लावून घेऊ नगं.”

“तात्या, ह्यात पाठ लागत न्हाय. पाठीत खुपसत्यात.”

“मग तर बिलकूल लावून घेऊ नगं.”

रविवारी दुपारी खोलीत आठ खुर्च्यांवर बारा जण होते. दुकानदार काचा बदलायचं काम सोडून वर आला होता. भाऊ आणि चष्मेवाला शेजारी शेजारी, एकेका टीव्हीपुढं. मी भावाच्या मागं प्लॅस्टिकच्या खुर्चीत, मांडीवर पर्स, पर्सखाली टोचायचं बोट.

पहिली लढाई. चष्मेवाला रीतसर वाकला. भाऊही वाकला. चष्मेवाल्याचा खांदा हलला, मी टोचलं आणि ढाल अशी नेमकी फिरली, की खोलीत ओरडा झाला. भावानं एक वार केला आणि चष्मेवाला आडवा. हे कसं झालं ते मला उशिरा उमगलं. इथं दोन्ही टीव्ही एकाच खोलीत होते. मध्ये फोन नव्हता आणि बरणीही नव्हती. मी घरच्या सवयीनं जितकी लवकर टोचत होते, तितकाच भाऊ उशीर करत होता. दोघांच्या चुका मिळून बरोबर उत्तर आलं होतं.

“मिलिटरीच हाय!” कुणीतरी म्हणालं. भावानं मागं वळून पाहिलं नाही. कॉलर तेवढी नीट केली.

दुसऱ्या लढाईत त्याला माझ्या बोटाची गरज वाटेना. सलामी झाली आणि तो सुटला. एक वार, दोन, तीन. पट्टी संपली. मी टोचत होते, तो खांदा झटकत होता, जणू पाठीवर माशी बसली आहे. चष्मेवाला सावकाश त्याच्याभोवती फिरला, मागं गेला आणि काकांनी नको म्हटलेलं नेमकं ते झालं.

चष्मेवाल्यानं चष्मा पुसला आणि मागं वळून माझ्याकडं पाहिलं.

“ताई, तुमी मगापास्नं मागं काय करताय? टायपिंगची परीक्षा हाय का?”

असे हसले सगळे, की दुकानदारही हसला. भावाचे कान लाल झाले. मी पर्स घट्ट धरली. मग भाऊ उठला. कंट्रोलर माझ्यापुढं धरून खोलीला म्हणाला, “हिला बी येतंय थोडं थोडं. शेवटचा डाव हिला खेळू द्या.”

तो मला पुढं करत होता की स्वतः मागं सरत होता, ते मला आजवर कळलेलं नाही. बहुतेक दोन्ही.

“खेळा की,” चष्मेवाला म्हणाला. “पर हरल्यावर रडायचं न्हाय, ताई. कुठलं बटण कशाचं, ठाव हाय न्हवं?”

मी मान हलवली. खुर्ची अजून भावाच्या बसण्यानं गरम होती. माझा चिलखतवाला समोर उभा राहिला आणि मी वाकले.

चष्मेवाला वाकला नाही. सरळ चालत आला.

भावापुढं तो दोन्ही वेळा वाकला होता. माझ्यापुढं वाकायचं त्याला सुचलंही नाही. त्यात वाईट हेतू नव्हता. लहान मुलाशी पत्ते खेळताना कुणी पत्ते नीट पिसत नाही, तसं. त्याचा खांदा हलला, मी ढाल झटकली आणि घाव माझ्या छातीत बसला. लवकर झटकली होती. मी मागं सरले आणि पुन्हा वाकले. तो पुन्हा आला, मी पुन्हा लवकर झटकली आणि पुन्हा घाव बसला. माझ्या जिवाची पट्टी तिसऱ्या हिश्श्यावर आली.

“औषध प्या, ताई,” तो म्हणाला आणि लांब जाऊन उभा राहिला. “म्या थांबतो.”

औषधानं जिवाची पट्टी पुन्हा भरते, पण समोरासमोरच्या लढाईत ते पीत नाहीत, हे त्यालाही माहीत होतं. मागून कुणीतरी म्हणालं, “जाऊ दे रं, संपीव आता.” भाऊ भिंतीला टेकून जमिनीकडं बघत होता.

मला दोन गोष्टी कळल्या होत्या. एक, इथं तलवार दिसते तेव्हाच येते, त्यामुळं खांदा विसरायचा. दुसरी, मी आता जिंकले तरी काही बदलणार नाही. पोरीचा हात लागून गेला म्हणतील, पुन्हा हसतील, भावाला चिडवतील आणि अणदूरवाला तोच राहील, केसांवरून हात फिरवणारा.

मी औषध प्यायले नाही. तिसऱ्यांदा वाकले.

चष्मेवाला आला. त्याचा खांदा हलला आणि मी काहीच केलं नाही. तलवार वर गेली, तरी काही केलं नाही. ती खाली येताना पाहिली आणि मग ढाल झटकली.

त्याचा हात वर उडाला. छाती उघडी पडली. अशा वेळी एक बटण दाबायचं असतं आणि ते दाबायला जेमतेम एक श्वास मिळतो.

मी ते बटण दाबलं नाही. दोन पावलं मागं आले, ढाल धरली आणि उभी राहिले. एक श्वास गेला, दुसरा गेला. त्याचा चिलखतवाला सावरला आणि जागीच उभा राहिला, कारण चष्मेवाल्यानं कंट्रोलरवरची बोटं उचलली होती. तो पडद्याकडं बघत नव्हता. माझ्याकडं बघत होता, आधी माझ्या हातांकडं, मग तोंडाकडं. भिंतीपाशी भावानंही मान वर केली.

मी घसा साफ केला. त्या खोलीत मी तोवर एक शब्दही बोलले नव्हते.

“दादा,” मी म्हणाले, “तुमची सलामी राहिली.”